डीएनएएच१ जनुक
माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्रावरील जनुक. शुक्राणूच्या शेपटीत कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या व मधोमध दोन सुट्या नलिका असतात. कडेच्या जोड्या एकमेकींवर सरकवून शेपटी हलवणाऱ्या आतील डायनीन भुजांपैकी एकीचे मोठे प्रथिन या जनुकापासून बनते. आई-वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली, तर अनेक शेपट्यांतील मधल्या दोन नलिकाच नाहीशा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली शेपट्या आखूड, वाकड्या, वेटोळे झालेल्या, कुठे जाड तर कुठे बारीक दिसतात. काही शुक्राणूंना शेपूटच नसते. असे शुक्राणू नीट पोहू शकत नाहीत, त्यामुळे मूल होण्यात अडचण येते. उत्तर आफ्रिकी वंशाच्या पुरुषांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये हा जनुकदोष व अशा शेपट्या यांचा संबंध उघड झाला. औषधाने शेपटी सुधारत नाही. मात्र शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या इक्सी पद्धतीने अशा अनेक पुरुषांना मुले झाली आहेत. मूल होत नसेल, तर केवळ पत्नीच्या तपासण्या करत राहणे अन्यायाचे आहे. साधी वीर्यतपासणी सुरुवातीलाच व्हावी.