शेवटचं कडवं गाळू नका

वामनदादा कर्डकांची गाणी ऐकली की आम्हाला हेवा वाटतो, ही आपण का लिहिली नाहीत? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस अक्षरं शिकला तो मोठेपणी, मुंबईत मजुरी करताना. आमच्या आज्यांना चवदार तळं आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाठ होता. तो पुस्तकांतून नव्हे, अशा गाण्यांतून. त्याला इतिहासलेखन म्हणायला विद्वानांची जीभ रेटत नाही, ते सोडा. आपण काय करतो? वामनदादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी ‘वामन’ ही नाममुद्रा येते. ती कवीची सही. जयंतीच्या डीजेवर नेमकं तेच कडवं गळतं आणि गाणं बेवारस होतं. यंदा १४ एप्रिलला गाणं पूर्ण वाजवा.