‘सार्जंट पेपर’च्या विविध आवृत्त्या

बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम १९६७ साली मोनो आणि स्टिरिओ अशा दोन रूपांत प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा मोनो यंत्रांचेच प्राबल्य होते. साहजिकच निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्यासह चौघांनी लक्ष घातले ते मोनो मिश्रणात. स्टिरिओ मिश्रण चौघा बीटल्सच्या अनुपस्थितीत, तुलनेने झटपट उरकण्यात आले. पुढे मोनो तबकड्या मागे पडल्या आणि जगभर रुजला तो हा दुय्यम अवतार.

दोहोंतील फरक किरकोळ नाहीत. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये अधिक वेगवान आहे आणि तिची पट्टीही सुमारे अर्ध्या सुराने चढी आहे. स्टिरिओत तेच गाणे रेंगाळते, काहीसे रडवेही वाटते. ‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’चे नेमके उलट! मोनोत त्याची गती कमी असून लेननच्या आवाजावरील तरंगता परिणाम अधिक गडद आहे. शीर्षकगीताच्या पुनरावृत्तीअखेर मॅकार्टनीने दिलेल्या आरोळ्या मोनोत स्पष्ट ऐकू येतात. स्टिरिओत त्या जवळपास बुडाल्या आहेत.

ब्रिटिश तबकडीच्या अखेरीस कुत्र्यांसाठी एक अतितार शिट्टी आणि सुई उचलेपर्यंत फिरत राहणारी निरर्थक बडबड होती. अमेरिकी आवृत्तीत हा खोडकरपणा गाळला गेला. १९८७ च्या सीडीवर तो परतला. पण ती सीडी स्टिरिओच होती. मोनो मिश्रण अधिकृतपणे सीडीवर यायला २००९ उजाडले.

त्याच वर्षीचे स्टिरिओ रिमास्टर म्हणजे जुन्याच मिश्रणाची सफाई. २०१७ मध्ये मार्टिन यांचे पुत्र जाइल्स यांनी केले ते रिमिक्स. त्या वेळच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर जागा करण्यासाठी अनेक वाद्ये एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवावी लागत. जाइल्स यांनी त्याआधीच्या मूळ फिती वापरल्या आणि मोनो मिश्रण प्रमाण मानले. त्यामुळे ‘शीज लीव्हिंग होम’ला स्टिरिओतही मोनोची गती लाभली.

एकच आवृत्ती घ्यायची तर २००९ ची मोनो घ्यावी. हेडफोनवर ऐकणाऱ्यांना मात्र २०१७ ची अधिक सुखावेल. जुन्या स्टिरिओत काही गाण्यांत गायक एका कानात आणि वादक दुसऱ्या कानात, अशी फारकत खटकते.