वाकड्या वाटेचा शाफ्ट

१९३२ च्या फोर्डला स्टिअरिंगमध्ये सांधा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. स्टिअरिंगच्या चाकापासून निघालेला शाफ्ट नळीतून सरळ खाली उतरायचा आणि चासीवरच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये शिरायचा. तिशीच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या फोर्डची मडगार्डं उतरवली, वजन घटवलं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर त्या गाड्या पळवल्या. तेव्हाही हे स्टिअरिंग निभावून गेलं. खरी अडचण पुढे आली. १९५५ साली शेवरोलेचं नवं व्ही-८ इंजिन निघालं आणि हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे अशा जुन्या गाड्या वेगासाठी नव्याने बांधणाऱ्यांनी, ते उचललं. एक्झॉस्टच्या हेडरचे पाइप बाजूंना पसरले. सत्तरच्या दशकात शेवरोले व्हेगा या छोट्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स पुढच्या ॲक्सलजवळ बसवायची पद्धत रुळली. चाक आणि बॉक्स यांच्यामध्ये सरळ रेघ उरली नाही. शाफ्टला वळसा घालणं भाग पडलं, आणि तो घालायचा तर सांधा हवा.

हा सांधा म्हणजे दोन योक, म्हणजे शाफ्टांची दुभंगलेली टोकं, आणि त्यांच्यामध्ये एक क्रॉस. आपल्याकडे ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टखाली शिरणाऱ्या मिस्त्रीच्या तोंडी 'यूजे क्रॉस' असतो, तोच हा. युरोपात तो इटालियन वैद्य आणि गणिती जेरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) याच्या नावाने ओळखला जातो. पण कार्दानोने वर्णन केलं ते एकात एक अडकवलेल्या कड्यांचं, ज्यांच्या आत टांगलेली वस्तू हलत्या जागीही सपाट राहते. ती युक्तीही त्याच्या फार आधीची. कशीही फिरवली तरी न सांडणारी दौत बायझँटियमच्या फिलोने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच वर्णिली होती. वस्तू स्थिर ठेवणं वेगळं आणि एका शाफ्टचं फिरणं तिरप्या बसलेल्या दुसऱ्या शाफ्टला देणं वेगळं. १६६४ साली गास्पार शॉट या जर्मन जेझुइट पंडिताने असा सांधा छापून दाखवला, पण त्यातून फिरणं जसंच्या तसं पुढे जातं, असा त्याचा समज होता.

तो समज चुकीचा असल्याचं लंडनच्या रॉबर्ट हूकने ओळखलं. पहिला शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरवा. दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. मला या कुळकथेत सर्वांत मोलाची वाटते ती हूकची पुढची उडी. त्याला ही असमानता हवीच होती. आडव्या सूर्यघटिकेवर सावलीही एकसारख्या गतीने सरकत नाही, आणि ती ज्या नियमाने सरकते तोच नेमका या सांध्याचा नियम आहे. एक शाफ्ट पृथ्वीच्या अक्षाशी समांतर धरून एकसारखा फिरवा, दुसरा उभा ठेवा, की त्याला जोडलेला काटा सावलीचे तास आखून देतो. लंडनच्या अक्षांशावर दोन शाफ्टांमध्ये सुमारे ३८.५ अंशांचा कोन पडतो, तो सांध्याला कसाबसा झेपतो. पुण्यासाठी तोच कोन ७१.५ अंश होईल आणि सांधा जाम होऊन बसेल. हूकने १६७६ साली छापलेल्या पुस्तकात या सांध्याला 'युनिव्हर्सल' हे नाव मिळालं. पुढे १८२४ साली फ्रेंच अभियंता पाँसले याने त्याच्या गतीचं गणित मांडलं, आणि १९०३ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने आपल्या सांध्याचं पेटंट घेतल्यावर मोटारीतल्या साखळीच्या जागी शाफ्ट येऊ लागला.

हॉट रॉड बांधणाऱ्याला हे गणित तळहाताला कळतं. सांध्याचा कोन १५ अंश असेल तर स्टिअरिंगचा वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमीजास्त होतो; हाताला ते जाणवतही नाही. ३० अंशांवर तोच वेग ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत झुलतो. चाक एका जागी जड, एका जागी हलकं लागतं आणि वळणावर गाडी अंदाजाबाहेर वागते. उपाय म्हणजे दुसरा सांधा. दोन्ही सांध्यांचे कोन समान ठेवायचे, तिन्ही शाफ्ट एकाच प्रतलात आणायचे, आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत लावायचे. मग पहिला सांधा जेवढा पुढे धावतो तेवढंच दुसरा मागे ओढतो, आणि बॉक्सपाशी फिरणं पुन्हा एकसारखं होतं. हेच योक चुकून काटकोनात लागले तर दोष फिटायच्या ऐवजी गुणला जातो: ३० अंशांच्या दोन सांध्यांत ०.७५ पासून १.३३ पटीपर्यंत. शाफ्ट एका प्रतलात येत नसतील, तर दोन प्रतलांमध्ये जेवढा कोन आहे तेवढाच एक योक फिरवून बसवावा लागतो. घाईत सुटते ती नेमकी हीच पायरी.

वाट फारच वाकडी असेल तर तिसरा सांधा येतो, आणि त्याच्यासोबत मधल्या शाफ्टला धरणारं रॉड-एंड बेअरिंगही यावंच लागतं. ते नसेल तर शाफ्ट फिरण्याऐवजी मधूनच बाहेर फेकला जातो. यात तडजोड नाही. खरा शाफ्ट कापण्याआधी लाकडी दांड्यावर किंवा पीव्हीसी पाइपावर मापं जुळवावीत. हेडरपासून अंतर सोडावं, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं. सांध्याच्या ग्रब स्क्रूखाली शाफ्टवर छोटा खड्डा पाडावा, म्हणजे स्क्रू घसरणार नाही. वाकड्या वाटेचा एक फायदाही आहे. जुना अखंड शाफ्ट समोरच्या धडकेत भाल्यासारखा चालकाच्या छातीत घुसायचा. सांधे असलेला शाफ्ट तिथे वाकतो. सुरक्षेचं सगळं काम मात्र सांध्यांवर सोडू नये. धडकेत दबणारा स्टिअरिंग कॉलम वेगळा लागतोच.

आणि तरीही सांध्यांचे कोन पूर्ण समान येत नाहीतच. थोडी असमानता उरते. ती कुठे ठेवायची हे आपल्या हातात असतं. चाकं सरळ असताना योक अशा स्थितीत बसवावेत की डावीकडे आणि उजवीकडे वळताना बदल सारखाच पडेल. आजचे मोटार अभियंते तर याच उरलेल्या असमानतेचा मुद्दाम उपयोग करतात. योक किती फिरवून बसवायचा हे ते असं ठरवतात की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित संथ राहावं आणि वळणात तत्पर व्हावं.