स्पेनच्या बंदरात आठ तास : क्रूझवरील प्रवाशांनी सहलीचे नियोजन कसे करावे?

प्रतिनिधी

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या वेळापत्रकात स्पेनच्या एखाद्या बंदरापुढे ‘सकाळी ८ ते सायंकाळी ६’ अशी नोंद असते. दहा तास म्हणजे मुबलक वेळ, असे वाचणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हे दहा तास जहाजाचे असतात, प्रवाशाचे नव्हेत. जहाज धक्क्याला लागणे, उतरण्याची परवानगी मिळणे, हजारो प्रवाशांची रांग ओसरणे, धक्क्यावरून शहरात पोहोचणे आणि ठरलेल्या वेळेपूर्वी परतणे, एवढे सारे वजा केल्यावर हाती जेमतेम सहा-सात तास उरतात. हा हिशेब चुकला तर तो महागात पडतो. विमान चुकले तर त्याच विमानतळावरून दुसरे मिळू शकते. जहाज चुकले तर ते पकडण्यासाठी पुढचे बंदर आणि कित्येकदा पुढचा देश गाठावा लागतो.

रोज सामान बांधण्याचा आणि तासन्‌तास बसमध्ये बसण्याचा त्रास नको, म्हणून आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणारी कुटुंबे क्रूझचा पर्याय निवडतात. अशा प्रवाशांसाठी बंदरातील दिवसाचे नियोजन घरून निघण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर ठरते.

हिशेब शेवटाकडून सुरू करावा

बहुतेक प्रवासी ‘सकाळी कुठे जायचे’ येथून विचार सुरू करतात. अनुभवी प्रवासी शेवटाकडून सुरुवात करतात. जहाज सुटण्याची वेळ आणि सर्व प्रवाशांनी जहाजावर परतण्याची वेळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परतण्याची वेळ साधारणतः सुटण्यापूर्वी अर्धा तास, तर काही जहाजांवर एक तास आधी असते. ती रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते आणि उतरण्याच्या दारापाशीही लावलेली असते. त्या वेळेनंतर शिडी काढून घेतली जाते.

उदाहरणार्थ, जहाज सायंकाळी ६ ला सुटणार असेल आणि परतण्याची वेळ ५.३० असेल, तर आपण ४.३० पर्यंत धक्क्यावर असावे, असे धरून चालावे. हा एक तास वाहतूक कोंडी, उशिरा आलेली बस किंवा वाट चुकणे यासाठी राखीव ठेवावा. सकाळी ८ ला जहाज लागले, तरी प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ९ वाजतील, असे गृहीत धरावे. म्हणजे हाती राहिले साडेसात तास. यातून शहरापर्यंतचे जाणे-येणे वजा केल्यावर जे उरते, तोच खरा सहलीचा वेळ.

धक्का आणि शहर यांतील अंतर

स्पेनमधील सर्व बंदरे सारखी नाहीत. नियोजनाच्या दृष्टीने त्यांचे तीन गट करता येतात.

पहिला गट धक्क्याला लागूनच शहर असलेल्या बंदरांचा. अटलांटिक किनाऱ्यावरील कादिझ हे त्याचे उत्तम उदाहरण. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसविलेले हे प्राचीन शहर जहाजातून उतरताच समोर येते. कोलंबस १४९३ मध्ये आपल्या दुसऱ्या सफरीवर येथूनच निघाला होता. जुने शहर तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले आणि आटोपशीर असल्याने पायी फिरून पाहता येते. आग्नेय किनाऱ्यावरील कार्ताहेना याच गटातील. तेथील रोमन रंगमंडल १९८८ मध्ये उजेडात आले आणि वास्तुविशारद राफाएल मोनेओ यांनी रचना केलेले त्याचे संग्रहालय २००८ मध्ये खुले झाले. धक्क्यावरून ते चालत गाठता येते. वायव्येकडील आ कोरुन्या येथेही धक्का शहरालगतच आहे. रोमनांनी उभारलेला आणि आजही दीपगृह म्हणून वापरात असलेला ‘हर्क्युलिस मनोरा’ तेथे पाहता येतो. युनेस्कोने २००९ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश केला.

दुसरा गट शहरापासून काही किलोमीटरवर धक्का असलेल्या बंदरांचा. बार्सिलोनामध्ये बहुतेक मोठी जहाजे ‘मोल अदोसात’ या लांबलचक धक्क्यावर लागतात. तेथून बसने कोलंबसच्या स्मारकापर्यंत यावे लागते; प्रसिद्ध ‘ला रांब्ला’ हा रस्ता तेथे सुरू होतो. माल्योर्का बेटावरील पाल्मा येथे मोठ्या जहाजांचा धक्का कॅथीड्रलपासून सुमारे चार किलोमीटरवर आहे. व्हॅलेन्सियाचे बंदरही जुन्या शहरापासून दूर आहे. या तिन्ही ठिकाणी पायी जाण्याचा मोह टाळून बस किंवा टॅक्सीने जावे आणि दोन्ही वेळचा मिळून एक ते दीड तास हिशेबात धरावा. बिल्बाओचा क्रूझ धक्का तर गेचो या उपनगरात आहे. तेथून मेट्रोने शहरात येऊन फ्रँक गेरी यांनी घडविलेले आणि १९९७ मध्ये खुले झालेले गुगेनहाइम संग्रहालय पाहता येते. मात्र धक्क्यापासून संग्रहालयाच्या दारापर्यंत पोहोचण्यास पाऊण ते एक तास लागतो.

तिसऱ्या गटातील बंदर हे दुसऱ्याच एखाद्या शहराचे प्रवेशद्वार असते. जाहिरातीत ‘ग्रानादा’ किंवा ‘सेव्हिल’ असे लिहिलेले असते, पण ग्रानादा समुद्रावर नाही आणि मोठी जहाजे सेव्हिलपर्यंत जात नाहीत. ग्रानादासाठी मालागा आणि सेव्हिलसाठी बहुधा कादिझ येथे उतरावे लागते. सर्वाधिक घोटाळा याच गटात होतो.

ग्रानादा आणि सेव्हिल : जावे की न जावे?

मालागाहून ग्रानादा सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. मुंबई-पुणे अंतरापेक्षा हे कमी असले, तरी एका बाजूस दीड ते पावणेदोन तास लागतात. वरील उदाहरणातील वेळा धरल्या, तर सकाळी ९ ला निघालेला प्रवासी पावणेअकराच्या सुमारास ग्रानादात पोहोचेल आणि त्याला अडीच वाजता परत निघावे लागेल. हाती राहिले पावणेचार तास. अल्हाम्ब्रा हा राजवाडा, किल्ला आणि उद्याने यांचा विस्तीर्ण परिसर नीट पाहण्यास किमान तीन तास लागतात. त्यातील नासरी राजवाड्यांत प्रवेशाची वेळ तिकिटावर नेमून दिलेली असते आणि ती चुकल्यास प्रवेश मिळत नाही. तिकिटे आधीच संपतात, ती नावावर दिली जातात आणि प्रवेशाच्या वेळी मूळ पारपत्र दाखवावे लागते. तेव्हा ही सहल शक्य आहे, पण हाती तिकीट असेल आणि दिवसभरात दुसरे काहीही करायचे नसेल तरच.

कादिझ ते सेव्हिल हे अंतरही सुमारे १२० किलोमीटर. कादिझचे रेल्वे स्थानक धक्क्यापासून चालण्याच्या अंतरावर असून, सेव्हिलला जाण्यास रेल्वेने साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात. सेव्हिलचे कॅथीड्रल आणि अल्काझार राजवाडा ही दोन्ही स्थळे शेजारी-शेजारी आहेत. तरीही कमी वेळात त्यांपैकी एकच निवडणे शहाणपणाचे. परतीची ठरलेली गाडी चुकली किंवा रद्द झाली, तरी पुढच्या गाडीने वेळेत पोहोचता आले पाहिजे, हा निकष लावावा. तसे शक्य नसेल, तर जाऊ नये.

न जाण्यातही नुकसान नाही, कारण मालागा स्वतःच पाहण्याजोगे आहे. चित्रकार पाब्लो पिकासो यांचा जन्म १८८१ मध्ये येथे झाला. त्यांच्या कलाकृतींचे संग्रहालय २००३ पासून येथे आहे. अल्काझाबा हा मुस्लिम राजवटीतील गढीवजा राजवाडा, त्याच्या पायथ्याचे रोमन रंगमंडल आणि दुसरा मनोरा अपूर्ण राहिल्याने ‘एका हाताची’ असे टोपणनाव मिळालेले कॅथीड्रल, ही सारी ठिकाणे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना चार तासांच्या बसप्रवासापेक्षा हा दिवस निश्चितच सुखाचा वाटेल.

जहाजाची सहल की स्वतःची?

जहाज कंपनी प्रत्येक बंदरात स्वतःच्या सहली विकते. त्या तुलनेने महाग असतात आणि मोठ्या गटाच्या गतीने चालाव्या लागतात. मात्र त्यांचा एक निर्विवाद लाभ आहे. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज तिच्यासाठी थांबते किंवा त्या प्रवाशांना पुढील बंदरापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशाला हे संरक्षण नसते.

त्यामुळे साधा नियम असा : पहिल्या गटातील बंदरात स्वतः फिरावे, दुसऱ्या गटात थोडी पूर्वतयारी करून स्वतः फिरावे, तिसऱ्या गटात दूरच्या शहरी जायचेच असेल, तर जहाजाच्या सहलीचे पैसे वाया गेले असे मानू नये. ते पैसे प्रेक्षणीय स्थळासाठी नव्हे, तर परतीच्या हमीसाठी दिलेले असतात. चार-पाच जणांच्या कुटुंबाला स्थानिक गाडी ठरविणे स्वस्त पडू शकते. तथापि परतण्याची वेळ चालकाला आधी लेखी कळवावी.

तिकीट, वार आणि दुपार

बार्सिलोनातील सग्रादा फॅमिलिया या चर्चच्या बांधकामास १८८२ मध्ये प्रारंभ झाला. वास्तुविशारद अंतोनी गौदी यांचा १९२६ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा ते अपूर्णच होते. आज त्याच्या दाराशी जाऊन तिकीट काढता येत नाही. दिवस आणि वेळ निवडून ते इंटरनेटवरूनच घ्यावे लागते. गौदींच्याच पार्क ग्युएललाही वेळ नेमून दिलेले तिकीट लागते. आरक्षण करताना जहाज लागण्याच्या वेळेनंतर किमान अडीच तासांची वेळ निवडावी.

जहाज कोणत्या वारी लागते, हेही पाहावे. कार्ताहेनाच्या रोमन रंगमंडलासह स्पेनमधील अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. पाल्माचे कॅथीड्रल रविवारी पर्यटकांसाठी खुले नसते. बार्सिलोनाची बोकेरिया मंडई आणि व्हॅलेन्सियाची मध्यवर्ती मंडई रविवारी बंद असते. व्हॅलेन्सियात १५ ते १९ मार्च या काळात ‘फायास’ उत्सवामुळे अनेक रस्ते वाहनांसाठी बंद असतात. १५ ऑगस्ट आणि १२ ऑक्टोबर हे राष्ट्रीय सुटीचे दिवस आहेत. एकाच दिवशी किती जहाजे येणार, हे बंदर प्राधिकरणांच्या संकेतस्थळांवर पाहता येते. त्यावरून गर्दीचा अंदाज बांधता येतो.

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दीड-दोनच्या पुढे सुरू होते आणि लहान दुकाने दुपारी दोन ते पाच बंद राहतात. बारा वाजता जेवण शोधणाऱ्या मधुमेही प्रवाशाची यात अडचण होते. पाकीटबंद बिस्किटे, सुकामेवा आणि दिवसभराची औषधे जवळ ठेवावीत. शाकाहारींनी ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, अर्थात मांस, मासे आणि हॅम नको, असे तिन्ही शब्द वापरून सांगावे. टोमॅटो चोळलेला पाव आणि गास्पाचो हे थंड सूप बहुतेक ठिकाणी मिळते. ‘तोर्तिया’ म्हणजे येथे बटाट्याचे ऑम्लेट, हे अंडी न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. चर्चमध्ये जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत.

घड्याळ कोणते पाळावे?

स्पेनच्या कॅनरी बेटांवरील घड्याळ मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे असते. शेजारच्या पोर्तुगालचेही तसेच. काही जहाजे स्थानिक वेळेनुसार घड्याळ बदलतात, तर काही बदलत नाहीत. मोबाइल मात्र किनाऱ्यावर येताच स्वतःहून वेळ बदलतो. यावर उपाय साधा आहे : मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावे आणि दिवसभर तेच पाहावे.

कागदपत्रे आणि अखेरची काळजी

स्पेन, फ्रान्स, इटली आणि पोर्तुगाल हे देश शेंगेन व्हिसाच्या कक्षेत येतात. मोरोक्को येत नाही. कादिझनंतर मोरोक्कोत जाऊन पुन्हा स्पेनमध्ये परतणाऱ्या जहाजावर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अपुरा पडतो. भारतीय पारपत्रधारकांनी बहुप्रवेश व्हिसाच मागावा. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. तो घेतानाच जहाज चुकल्यास भरपाई मिळते काय, हेही वाचून पाहावे.

काही जहाजांवर पारपत्रे कर्मचाऱ्यांकडे जमा असतात. अशा वेळी त्याची छायाप्रत व व्हिसाच्या पानाची प्रत जवळ ठेवावी. अल्हाम्ब्रासारख्या ठिकाणी जायचे असल्यास मूळ पारपत्र आदल्या दिवशीच मागून घ्यावे. ला रांब्लासारख्या गर्दीच्या रस्त्यांवर खिसेकापूंपासून सावध राहावे. तातडीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक ११२ आहे.

कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातील जहाजाच्या स्थानिक प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. तो कागद खिशात असल्याशिवाय शिडी उतरू नये. उशीर होतो आहे असे दिसताच त्या क्रमांकावर कळवावे. जहाज सुटल्यानंतर केलेल्या दूरध्वनीपेक्षा अर्धा तास आधी केलेला दूरध्वनी अधिक उपयोगी पडतो. जहाज निघून गेलेच, तर पुढील बंदरापर्यंतचा खर्च प्रवाशालाच सोसावा लागतो. त्या वेळी खिशातील बँक कार्ड, औषधे आणि पारपत्र यांचाच आधार असतो.

थोडक्यात, एका बंदरात एकच मुख्य ठिकाण निवडावे, त्याचे तिकीट आधी काढावे आणि परतीच्या वाटेवर वेळ उरला तर दुसऱ्याचा विचार करावा. राखीव ठेवलेला तास वापरावा लागला नाही, तर तो धक्क्याजवळच्या एखाद्या उपाहारगृहात कॉफी घेत घालवता येतो, आणि जहाज तेथून समोरच दिसत असते.