ग्रोव्हनर कमान

अमेरिकेतील यूटा राज्याच्या दक्षिण भागातील नैसर्गिक जोडकमान. उंची सुमारे ४६ मी. कड्यापासून पुढे आलेल्या पिवळसर वालुकाश्माच्या भिंतीला शेजारी शेजारी एक मोठे व एक लहान अशी दोन आरपार भगदाडे असून माथ्यावर तपकिरी, टणक थर आहे. भेगांत मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि खालचा मऊ थर आधी झिजतो. वरच्या टणक थराने तग धरला म्हणून कमान उरली. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या मोहिमेने तिला संस्थेचे अध्यक्ष गिल्बर्ट ग्रोव्हनर यांचे नाव दिले. या मोहिमेचा वृत्तांत १९४९ साली प्रसिद्ध झाला. १९९६ पासून हा परिसर ग्रँड स्टेअरकेस–एस्कलांटे राष्ट्रीय स्मारकात मोडतो.

येथे पोहोचवणारा कॉटनवुड कॅन्यन रस्ता सुमारे ७५ किमी. लांबीचा व बहुतांशी कच्चा आहे. तो कच्चाच राहावा, हे मत भूगोलाच्या आधारावर टिकते. वाटेत लागणाऱ्या करड्या शेल खडकात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली बेंटोनाइट माती आहे. कोरडी असताना ती घट्ट असते आणि साधी मोटारही जाते. पाऊस पडताच ती फुगून निसरडी होते, चाकांच्या खाचा लिंपून टाकते आणि फोर बाय फोर गाडीही जागीच फिरू लागते. ज्या जमिनीचे स्वरूपच असे बदलते, तिच्यावरचे डांबर वरचेवर उखडणार, आणि दुरुस्तीची यंत्रे या नाजूक वाळवंटात कायमची वावरणार. कमान पाहायची तर आभाळ पाहून निघावे, ही अट मला रास्त वाटते.

यावर आक्षेप असा की, वृद्धांनी आणि अपंगांनी काय करावे? आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे बरेचसे उत्तर जागेवरच दिलेले आहे: वाहनतळापासून कमानीपर्यंत पक्की पायवाट आहे, आणि उत्तरेकडून आल्यास कच्चा टप्पा जेमतेम १८ किमी.चा पडतो. दुसरा आक्षेप असा की, कमान तशीही कधीतरी कोसळणारच, मग एवढी जपणूक कशाला? कमानी कोसळतात हे खरेच; याच राज्यातील आर्चेस राष्ट्रीय उद्यानातली वॉल आर्च २००८ साली एका रात्रीत पडली. परंतु जपायचे आहे ते केवळ दगडाचे भगदाड नव्हे. ज्या झिजेने ते घडवले, ती झीज पाऊस, हिम आणि वारा यांच्या मर्जीने चालू राहू शकेल असा मोकळा भूप्रदेश जपायचा आहे.