रायगडचा किनारा : एकटा सायकलस्वार आणि भरती-ओहोटीचे गणित

सर्फिंगची फळी सायकलला बांधून बाली, जावा, सुमात्रा यांसारखी बेटे एकट्याने पालथी घालणारे प्रवासी जगभर आढळतात. मुंबईकराच्या मनात असा बेत आला, की त्याची दृष्टी साहजिकच समोरच्या मांडव्याकडे वळते. नारळी-पोफळीच्या वाड्या, जलदुर्गांची बेटे, खाड्या आणि लांबच लांब पुळणी हे सारे रायगड जिल्ह्यात आहे. समुद्राचा स्वभाव मात्र येथे निराळा आहे. या किनाऱ्यावर एकट्याने जाणाऱ्याला लाटेपेक्षा भरती-ओहोटी अधिक समजून घ्यावी लागते.

लाटा मोठ्या का नाहीत?

बाली व जावाचे दक्षिण किनारे थेट हिंदी महासागरासमोर आहेत. तेथे तळ थोड्याच अंतरावर खोल जातो. त्यामुळे दक्षिणेकडील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करूनही जोर राखून किनाऱ्यावर फुटतात. मुंबई-रायगडसमोर मात्र उथळ तळ, म्हणजे भूगोलातील ‘समुद्रबूड जमीन’, सुमारे ३०० किलोमीटर पसरलेली आहे. तळाशी होणाऱ्या घर्षणात लाटांची बरीच शक्ती खर्च होते. दक्षिणेकडे हा पट्टा अरुंद होत जातो. कर्नाटकातील मुल्की आणि केरळातील वर्कला येथे सर्फिंग रुजले आहे.

रायगडात ऑक्टोबर ते मे या काळात लाटा बहुधा लहान असतात. जून ते सप्टेंबरमध्ये त्या उंच होतात. पण त्या वेळी नैर्ऋत्येचा वारा, गढूळ पाणी आणि जबर ओढ यांमुळे समुद्रात उतरणे जिवावर बेतते. कोळी बांधवही जून-जुलैत मासेमारी बंद ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करतात. तेव्हा अवजड फळी घरी ठेवून सायकल हलकी ठेवणे शहाणपणाचे.

मार्ग

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तीत सायकल नेता येते. मांडवा ते अलिबाग अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. वाटेवरचे किहीम पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या सुगरण पक्ष्याच्या अभ्यासामुळे ओळखले जाते. अलिबाग ते मुरुड हा टप्पा सुमारे ५० किलोमीटरचा आहे. नागाव, चौल, रेवदंडा ही गावे मागे टाकून पुलाने कुंडलिकेची खाडी ओलांडली, की कोर्लई लागते. तेथे पोर्तुगीज व मराठीच्या संपर्कातून घडलेली स्वतंत्र बोली आजही बोलली जाते. पुढे काशीद आणि नांदगाव. या भागात चढउतार सुरू होतात.

मुरुडपुढे आगरदांडा येथे रस्ता संपतो. तेथून फेरीबोटीने, म्हणजे स्थानिकांच्या ‘जंगल जेटी’ने, सायकलसह दिघीला उतरायचे. दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा पुढचा क्रम. दिवेआगर-श्रीवर्धन रस्ता बराच काळ समुद्राला लागून जातो. बागमांडला येथून दुसरी फेरीबोट सावित्री ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवीला पोहोचवते. सारा प्रवास घाई न करता तीन-चार दिवसांत होतो. वाटेत मोडलेली झाडे वा उघड्या वाड्या दिसल्या, तर ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाची आठवण ठेवावी. अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या त्या वादळाने येथील नारळी-पोफळीची अपरिमित हानी केली.

बेटे

येथील बेटांवर सायकल चालवण्याजोगी जागा नाही. ती किनाऱ्यावरच ठेवावी लागते. थळसमोरच्या खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये दुर्ग उभारण्यास आरंभ केला. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा दुर्गांत तो आहे. सिद्दीच्या जंजिऱ्याला राजपुरीहून होड्या जातात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात मात्र ओहोटीला चालत जाता येते, आणि गणित चुकण्याचा संभव येथेच अधिक.

कोळ्यांचा हिशेब

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, तर नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. मात्र अष्टमीच्या आसपास ‘भांग’ असते. तेव्हा पाणी फारसे उतरत नाही व वाट पूर्ण उघडी पडेलच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी दूरवर ओसरते आणि तितक्याच वेगाने परतते. म्हणून पूर्ण ओहोटीपूर्वी निघावे आणि पाणी फिरताच परतावे. हा हिशेब अंदाजापुरताच. छापील वेळापत्रक पाहून कोळीवाड्यात एकदा विचारून घ्यावे. ‘काका, पाणी कधी चढेल?’ या प्रश्नाला तेथे कोणी हसत नाही.

एकट्याची जोखीम

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुडला सहलीस आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडाले. महिना पावसाळ्याचा नव्हता, सोबतीला मोठा समूह होता. तरीही अनर्थ टळला नाही. एकट्या प्रवाशासाठी तर हाक मारायलाही कोणी नसते. त्याने गुडघ्यापलीकडच्या पाण्यात न जाणेच इष्ट. पाणी आत ओढू लागले, तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहावे आणि ओढ संपल्यावर वळावे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून असल्याने ती केवळ ओहोटीतच करावी.

निघण्यापूर्वी भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांविषयीचा इशारा पाहावा. मुक्कामाच्या घरी आपला मार्ग व परतीची वेळ सांगून ठेवावी. आपत्तीत ११२, तर तटरक्षक दलासाठी १५५४ हा क्रमांक आहे. सायकल वाळूत नेऊ नये. खाऱ्या हवेने चेन गंजते, म्हणून रोज पुसून वंगण द्यावे. जादा ट्यूब, पंप आणि पान्हे जवळ असावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे निघून दहाच्या आत टप्पा उरकला, म्हणजे उन्हाचा त्रास टळतो आणि फेरीबोटीची वाट पाहण्याइतका वेळही हाती राहतो.