९९९९ कुठून आलं?

पानावर दोन चौकोन एकमेकांवर आले, तर वर कोण दिसणार? १९९७ साली नेटस्केप ४ने यासाठी 'लेयर' नावाचा वेगळा टॅगच काढला. मायक्रोसॉफ्टने तो घेतला नाही. मे १९९८मध्ये सीएसएस २ आलं आणि त्यात झेड-इंडेक्स पक्का झाला: आकडा मोठा, तो वर. माझ्या मते हेच बरोबर होतं. थर हा मजकुराचा भाग नाही, मांडणीचा आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर ६मध्ये ड्रॉपडाउन यादी ही विंडोजची स्वतंत्र खिडकी म्हणून रंगवली जायची. तुम्ही मेन्यूला ९९९९ द्या नाहीतर लाख द्या, ती यादी मेन्यूच्या डोक्यावर बसायचीच! मग लोक काय करायचे, तर मेन्यूच्या खाली एक रिकामी आयफ्रेम सरकवायचे. त्या आयफ्रेमखाली मात्र यादी मुकाट झाकली जायची. २००६ साली सातव्या आवृत्तीत हे दुखणं गेलं.

मोठमोठे आकडे लिहायची सवय मात्र राहिली. तेही बरेचदा फुकटच, कारण झेड-इंडेक्स असलेला डबा आतल्यांची रांग स्वतःपुरतीच लावतो. शेजारी दोन डबे, एकाला २, दुसऱ्याला १. मग पहिल्यातला साधा १ सुद्धा दुसऱ्यातल्या ९९९९च्या वर दिसतो.